माहीत होतं, पण सांगितलं नाही

रात्री आठच्या गोळ्यांना अजून चार तास होते. ऑर्थोच्या वॉर्डात, खुब्याचं हाड मोडून दाखल झालेल्या एका आजींच्या केसपेपरपाशी माझी विद्यार्थिनी थांबली. म्हणाली, "सर, मेथोट्रेक्सेट रोज?"

मी पाहिलं. आजींना जुना संधिवात. घरी त्या ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायच्या. दाखल करताना घरच्या औषधांची यादी उतरवली गेली आणि बीपीच्या गोळीखाली हीसुद्धा 'दिवसातून एकदा' अशी लिहिली गेली. तीन डोस पोटात गेले होते. आजींचं तोंड यायला लागलं होतं.

हे औषध मी अकरा वर्षं शिकवतोय. संधिवातात ते आठवड्यातून एकदाच द्यायचं. रोज दिलं तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावूही शकतो. ही चूक जगभर होत आली आहे, म्हणून मी ती फळ्यावर चौकटीत लिहितो. तरी मी त्या मुलीला म्हणालो, "छान पकडलंस. केस रिपोर्टमध्ये लिही, शुक्रवारी डिस्कस करू."

ती म्हणाली, "पण सर, आजची गोळी?"

मी असा का वागलो, हे समजायला आमची नोकरी समजून घ्यावी लागेल. आपल्याकडे फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ साली सुरू झाला. शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. औषध बनवणारा नाही, तर रुग्णाशेजारी उभा राहून औषधांचा विचार करणारा फार्मासिस्ट घडवायचा, ही त्यामागची कल्पना. त्यासाठी किमान तीनशे खाटांचं रुग्णालय लागतं. अनेक कॉलेजांचं स्वतःचं रुग्णालय नसतं, मग करार होतो. आमचाही तसाच. त्या वॉर्डात मी पाहुणा. केसपेपर वाचायचा, त्यावर लिहायचं नाही. मला शिकवणारे प्रयोगशाळेत वाढले होते, मीही तसाच वाढलो. मग एके दिवशी आम्हाला ॲप्रन घालून राउंडच्या शेपटाला उभं केलं गेलं.

म्हणून माझ्याकडे एक तयार उत्तर होतं. जिथे अधिकार नाही, तिथे जबाबदारी कसली? ऐकायला हे न्याय्य वाटतं. ज्याच्या हातात काही नाही त्याला दोष देऊ नये, हे आपण मानतोच.

पुढे काय झालं ते सांगतो. ती मुलगी माझ्याशी वाद न घालता सिस्टरांकडे गेली आणि म्हणाली, "सिस्टर, ही गोळी आठवड्याची आहे, एकदा विचाराल का?" सिस्टरांनी गोळी थांबवली, रेसिडेंटला फोन केला. तो आला, केसपेपर पाहिला, कपाळाला हात लावला. ऑर्डर बदलली, रक्त तपासायला गेलं, उतारा म्हणून ल्युकोव्होरिन सुरू झालं. जाताना तो तिला थँक्स म्हणाला. आजी नंतर चालत नाही, पण बऱ्या होऊन वॉकर धरून घरी गेल्या. कुणी कुणाचा अपमान केला नाही. करार मोडला नाही. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

त्या दहा मिनिटांनी माझं उत्तर खोटं पाडलं. मी दोन वेगळ्या गोष्टी एकच समजत होतो : ठरवणं आणि सांगणं. डोस ठरवायला अधिकार लागतो, तो माझा नव्हता. 'इथे काहीतरी चुकतंय' एवढं सांगायला फक्त माहिती लागते, आणि ती माझ्याकडे होती. अधिकार पदातून येतो. पण आजींचा माझ्यावरचा हक्क माझ्या पदातून आलेला नव्हता, मला माहीत होतं यातून आलेला होता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अर्धंकच्चं शिकलेले सगळेच बोलू लागले तर वॉर्डात गोंगाट होईल. थकलेला डॉक्टर दहा फालतू शंकांत अकरावी खरी शंकाही झटकून टाकेल. हे खरंय. पण यावरचा उपाय गप्प बसणं नाही, रोज तिथे असणं हा आहे. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावर, शस्त्रक्रियेच्या रुग्णांजवळ, एक छोटी फार्मसी थाटण्यात आली. फार्मासिस्ट डॉक्टर-नर्सच्या शेजारी आले. क्लिनिकल फार्मसीच्या शिक्षणाला वळण देणाऱ्या प्रयोगांत त्याचं नाव घेतलं जातं. शेजारी असणाऱ्याच्या शंकेला वजन येतं. कोण उगाच बोलतो आणि कोण नाही, हे रोजच्या सहवासात कळतं.

पण रोज तिथे असण्याला आमच्या करिअरमध्ये भाव किती? बढतीच्या अर्जात पीएचडी विचारतात, पेपर विचारतात, पेटंट विचारतात. 'किती चुका वेळेत थांबवल्या' असा रकाना मी अजून भरलेला नाही.

आणि इथे मला सगळ्यात अवघड गोष्ट कबूल करायची आहे. वॉर्डातल्या औषधांच्या चुकांवर माझा स्वतःचा एक पेपर आहे. आम्ही केसपेपर वाचले, चुका मोजल्या, तक्ता केला. अभ्यास 'निरीक्षणात्मक' होता. त्यातल्या किती चुका मी त्याच दिवशी कुणाला सांगितल्या, हे त्या पेपरात नाही. मला विचाराल तर उत्तर आहे : फार थोड्या. ती मुलगी नसती, तर आजी माझ्या पुढच्या तक्त्यातली एक ओळ झाल्या असत्या. त्या ओळीवर मला कदाचित बढतीही मिळाली असती.

ॲरिस्टॉटल म्हणतो, वैद्य 'माणूस' नावाची गोष्ट बरी करत नाही, तो एका विशिष्ट माणसाला बरं करतो. मी अकरा वर्षं 'रुग्ण' शिकवत होतो. तिने खाट नंबर चौदा पाहिली. आदल्या वर्षी मेथोट्रेक्सेटच्या प्रश्नात मी तिला पाचपैकी दोन दिले होते. औषध कोणतं एन्झाइम अडवतं ते ती विसरली होती.

आता आमच्या गटात एक नियम आहे : आधी सिस्टरांना सांगायचं, मग वहीत लिहायचं. यामुळे मी चांगला माणूस झालो असं मी म्हणणार नाही. परवाच एका सीनियर सर्जनसमोर माझी जीभ जड झाली होती. पण वही बंद ठेवून मी आधी बोललो. आवाज थोडा कापत होता. बोललो मात्र.