वहीतली सहावी भाषा

गेल्या वर्षी नववीच्या उर्दूच्या वह्या तपासत होते. एका मुलीच्या वहीच्या समासात गोल, चौकोन आणि उभ्या-आडव्या रेघांची बारीक अक्षरं दिसली. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, ही अक्षरं डावीकडून निघाली होती. पानाच्या कडेला दोघींची गाठ पडली होती. "ये क्या है?" मी विचारलं. "टीचर, कोरियन. गाने का है." उर्दूच्या वहीत गाण्याबजावण्याचं काय काम, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले आणि वही ठेवून घेतली. वर्ग हसला. ती हसली नाही.

संध्याकाळी उल्हासनगरहून बदलापूरची गाडी धरली तेव्हा वही माझ्या पर्समध्ये होती. समोरच्या बाकावर दोन मुली एकच इअरफोन दोघींच्या कानात घालून बसल्या होत्या. एक बुरख्यात, दुसरीच्या कपाळावर टिकली. अंबरनाथ येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत; एकाच ठेक्यावर दोघींच्या माना हलत होत्या. मला नेमका कशाचा राग आला होता, हा प्रश्न मी स्वतःला तिथं पहिल्यांदा विचारला.

सोपं उत्तर असं की गाणं परकं आहे आणि न समजणाऱ्या भाषेतलं आहे. पण परकं म्हणजे काय? आमच्या शाळेतली मुलगी सकाळी मकतबमध्ये अरबी नाझरा वाचते, मग शाळेत उर्दू, मराठी, हिंदी आणि इंग्रजी. यातल्या अरबीचा दर्जा निराळा. तिची बरोबरी गाण्याशी करायची नाही. तरीही या पाचही भाषा तिला कुणीतरी दिलेल्या आहेत. धर्मानं, घरानं, सरकारनं, पोटापाण्याच्या धाकानं. सहावी मात्र तिनं स्वतः निवडली. कोणी छडी घेऊन उभं नव्हतं, गुण मिळणार नव्हते, आणि तरी ती लिपी शिकली. मी पंधरा वर्षं ज्यासाठी घसा कोरडा करते आहे, ते एका गाण्यानं फुकटात करून दाखवलं. माझ्या रागात थोडा मत्सर होता, हे कबूल केलेलं बरं.

आणि न समजता ऐकण्याचं म्हणाल, तर १९८५ साली इंग्लंडमधल्या वोमॅड महोत्सवात नुसरत फतेह अली खाँ गायले. समोरच्या गोऱ्या श्रोत्यांपैकी कितीजणांना पंजाबी येत होतं? तरी ते भारावले, आणि ही हकीकत आपण आजही छाती फुगवून सांगतो. आपलं गाणं न समजता दुसऱ्यानं ऐकलं की तो आपल्या तहजीबीचा विजय, आणि आपल्या मुलीनं दुसऱ्याचं ऐकलं की तो बिघाड! हा तराजू सरळ नाही.

दीनी उत्तरही मी मनात चाचपून पाहिलं. संगीत जायज की नाजायज यावर आपल्या उलेमांत शतकानुशतकं मतभेद आहेत, आणि ते मिटवायची माझी योग्यता नाही. हजरत निजामुद्दीन औलियांनासुद्धा समाच्या प्रश्नावर गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात जाब द्यावा लागला होता. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समावर एक पूर्ण प्रकरण लिहिलं. गाणं हृदयात बाहेरून काही आणून टाकत नाही, तिथं जे आहे तेच हलवतं, असा त्यांचा एक मुद्दा आहे. तो मानला तर चौकशी गाण्याची नाही, हृदयाची करायला हवी. त्या मुलीच्या हृदयात काय होतं, हे मी विचारलंच नव्हतं. आणि ज्यांना या बाबतीत अरबस्तानचा दाखला हवा असतो त्यांच्यासाठी सांगते, याच मुलांच्या बीटीएस नावाच्या गटाची मैफल ११ ऑक्टोबर २०१९ रोजी रियाधच्या किंग फहद स्टेडियममध्ये झाली. अर्थात तिथं झालं म्हणून जायज ठरलं, असं मी म्हणणार नाही. फक्त तो दाखला आता दोन्ही बाजूंना वापरता येतो.

"हे सगळं इंटरनेटमुळे," असं स्टाफरूममध्ये आम्ही म्हणतो. अर्धं खरं आहे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आणि २०२० च्या टाळेबंदीत आम्ही शिक्षकांनीच घरोघरी फोन करून सांगितलं की मुलांच्या हातात मोबाइल द्या, नाहीतर शिक्षण बुडेल. ही मुलगी तेव्हा चौथीत होती. माझा गणिताचा व्हिडिओ आणि कोरियाचं गाणं एकाच दारानं तिच्या घरात शिरलं. त्यातलं कोणतं तिनं पुन्हा पुन्हा पाहिलं असेल, हे सांगायला नको.

पण दार सर्वांनाच उघडं होतं. मग कोरियाच का? दक्षिण कोरियाची लोकसंख्या सुमारे सव्वापाच कोटी, आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. १९१० ते १९४५ हा देश जपानच्या ताब्यात होता. शेवटच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली, माणसांना जपानी नावं घ्यायला भाग पाडलं गेलं. ती जखम इतकी खोल की स्वातंत्र्यानंतर जपानी गाणी आणि सिनेमे यांवर तिथं अनेक दशकं बंदी होती. १९९७ मध्ये देश आर्थिक संकटात सापडला, नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या किम दे-जुंग यांनी १९९८ पासून ही बंदी टप्प्याटप्प्यानं उठवायला सुरुवात केली. परक्या गाण्यानं आपलं गाणं मरेल, अशी भीती तिथंही होती. त्यांनी दार उघडलं आणि सोबत आपल्या घरातल्या कलेमागं कायदा, पैसा, तालीम उभी केली. १९९९ मध्ये सांस्कृतिक उद्योगांसाठी कायदाच झाला. जुलै २०१२ मध्ये साय या गायकाचं 'गंगनम स्टाइल' आलं आणि त्याच वर्षीच्या २१ डिसेंबरला यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिलं गेलेलं ते पहिलं गाणं ठरलं. २०२० मध्ये बीटीएसचं बहुतांशी कोरियन शब्दांचं एक गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलं. आपल्याकडे 'सैराट'चं 'झिंगाट' २०१६ साली मराठी न येणारेही नाचत म्हणत होते. हिंदी सिनेमात ते गेलं तेव्हा चाल ठेवून शब्द बदलले गेले. लोकांनी तर शब्द बदला असं म्हटलं नव्हतं.

याची काळी बाजू मी त्या मुलीला सांगणार आहे. कोवळ्या वयात मुलांना करारात बांधून वर्षानुवर्षं राबवायचं, खाण्यापासून दोस्तीपर्यंत पहारा ठेवायचा, हा तिथल्या कंपन्यांचा रिवाज होता. तेरा-तेरा वर्षांच्या करारांवरून बोंब झाली तेव्हा २००९ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं सात वर्षांच्या मर्यादेचा नमुना करार काढला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सुल्ली आणि नोव्हेंबरमध्ये गू हारा या दोन तरुण गायिकांचा अकाली मृत्यू झाला. ऑनलाइन मिळणाऱ्या शिव्याशापांची तेव्हा फार चर्चा झाली. ज्या मोबाइलनं गाणं जगभर नेलं, त्यातूनच हेही आलं.

माझं मन मात्र राहून राहून दादीकडे जातं. दादी भिवंडीकडची, घरात कोकणी बोलणारी. हळदीला, मेंदीला बायका जमल्या की ती गीतं म्हणायची. त्यांत वरमाईची थट्टा असायची, अल्ला-रसूलचं नाव असायचं, विहीर, भात, खाडी असायची. मी बी.एड. करत असताना घरातल्या एका लग्नात नवशिक्षित नातेवाइकांनी तिला गप्प केलं. कोणी म्हणालं गुनाह आहे, कोणी म्हणालं गावंढळ वाटतं. मी दुसऱ्या गटात होते. दादी गेली. तेव्हा माझ्या हातात रेकॉर्डिंग होणारा फोन होता.

कोणत्याही कोरियानं ती गीतं हिसकावली नाहीत. आम्ही घर रिकामं केलं आणि रिकाम्या घरात आवाज शिरला तर शिरणाऱ्याला दोष दिला. मी जिथं शिकवते त्या उल्हासनगरात हे निराळ्या रीतीनं दिसतं. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आले, १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. एखाद्या जुन्या इमारतीवर सिंधी पाटी दिसली की मी थांबते. बावन्न अक्षरांची ती लिपी उर्दूवाल्याला अडखळत का होईना वाचता येते. एकदा अशीच वाचत असताना शेजारच्या दुकानातल्या तरुणानं विचारलं, "मॅडम, क्या लिखा है?" दुकान त्याच्या आजोबांचं होतं.

वही मी तिसऱ्या दिवशी परत दिली. वर्गात सगळ्यांसमोर दिली, कारण घेतलीही सगळ्यांसमोर होती. मग तिला म्हणाले, अर्थ सांग. ती आधी घाबरली, मग उर्दूत ओळीओळीनं सांगत गेली; मला वाटलं होतं त्यापेक्षा तिची उर्दू बरीच चांगली निघाली. एका शब्दावर अडली. "जंग," ती म्हणाली. "गाण्यात जंग?" माझ्या कपाळाला आठ्या. "लडाईवाला नहीं टीचर, कोरियन का शब्द है. साथ रहते रहते जो हो जाता है ना, वो." मी म्हटलं, मोहब्बत. तिनं मान हलवली, नाही. उन्स? "शायद," पण समाधान झालेलं दिसेना. मग माझ्या तोंडून दादीचा शब्द आला: माया.

"हां, वो," ती म्हणाली, आणि समासात त्या अक्षरांशेजारी उर्दू लिपीत लिहून घेतलं.