महिनाभर भाजीबाजार

एकच विषय तीन-चार आठवडे चालवायचा आणि भाषा, गणित, हस्तकला, व्यवहार सगळं त्याभोवती गुंफायचं, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडलेल्या नयी तालीमची कल्पनाच अशी होती, की टकळीवर सूत कातता कातता मोजणी आणि भूगोल शिकावा. पुढे ‘प्रकल्प’ या नावाने ती साध्या शाळांत आली आणि बऱ्याच ठिकाणी थर्मोकोल कापून संपली.

स्वमग्न मुलांच्या वर्गात मात्र या रीतीला भक्कम कारण आहे. यातल्या अनेक मुलांना एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे वापरणं जड जातं. टेबलावर पाच ठोकळे बिनचूक मोजणारा मुलगा ताटात पाच पुऱ्या वाढू शकेलच असं नाही. भाजीबाजार हा विषय घेतला, की पाच भेंड्या मोजायच्या, चित्रकार्ड दाखवून मागायच्या, पाचाचं नाणं द्यायचं, मग त्याच धुवायच्या आणि पुसायच्या. तेच ‘पाच’ दिवसभरात निरनिराळ्या कामांतून भेटत राहतं.

अडचण येते ती विषय बदलताना. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हाच सगळं जसंच्या तसं राहावं हा या मुलांचा आग्रह त्यांनी ठळकपणे टिपला होता. अशा मुलाने सोमवारी वर्गात पाऊल टाकावं आणि भिंतीवरचा बाजार जाऊन तिथे समुद्र आलेला असावा, तर तो बिथरणारच. म्हणून बसायची जागा, कामांचा क्रम आणि चित्रांचं वेळापत्रक तेच ठेवून आतला मजकूर हळूहळू बदलावा लागतो. वर्गाची अशी नेटकी बांधणी एरिक शॉप्लर यांच्या ‘टीच’ कार्यक्रमाने १९७२ पासून अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात रुजवली. (रंगीबेरंगी पताकांनी गजबजलेली भिंत पाहुण्यांना आवडते, आवाज-रंगांनी पटकन शिणणाऱ्या मुलाचं काय होतं, हे पाहुणे गेल्यावर कळतं.)

आणि विषय कुणाच्या आवडीचा? बहुतेकदा शिक्षकांच्या, नाहीतर सणांच्या यादीतला. स्वतः स्वमग्न असलेल्या टेंपल ग्रँडिन यांना शाळकरी वयात गुरांना दाबून धरणाऱ्या यंत्राने झपाटलं होतं. तो नाद सोडवावा असं इतरांना वाटत असताना त्यांचे विज्ञानशिक्षक विल्यम कार्लॉक यांनी उलटं केलं: त्या दाबाने शांत का वाटतं, याचा शास्त्रीय शोध घ्यायला त्यांनी ग्रँडिन यांना लावलं. पुढे ग्रँडिन पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या.

हाच धागा केंब्रिजच्या संशोधकांनी उचलला. बऱ्याच स्वमग्न मुलांना गाड्यांचं वेड असतं, म्हणून त्यांनी ‘द ट्रान्सपोर्टर्स’ या चित्रमालिकेत ट्रॅमसारख्या वाहनांना खऱ्या माणसांचे चेहरे बसवले. ती रोज चार आठवडे पाहिलेली चार ते सात वर्षांची मुलं चेहऱ्यांवरच्या भावना अधिक चांगल्या ओळखू लागली. बौद्धिक क्षमता कमी असलेल्या मुलांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात मात्र फायदा तुटपुंजाच दिसला. म्हणजे आवडीने दार उघडतं, पण आत चालायला प्रत्येक मुलामागे वेगळी मेहनत लागते. एका वर्गाला एक विषय दिला म्हणून सगळ्यांना एकच काम देऊन भागत नाही.

तेव्हा पुढच्या महिन्याचा विषय ठरवण्याआधी शाळांनी पालकांना विचारावं, की मूल घरी तासन्‌तास कशात रमतं. आणि पालकांनी वर्गातली तीच कार्डं घेऊन, गर्दी नसेल अशा वेळी, मुलाला खऱ्या मंडईत न्यावं.