बघ्यांची जबाबदारी

महानायकांच्या गोष्टीत गर्दीचे काम ठरलेले असते. इमारत कोसळू लागली की धावत सुटायचे, नायक आला की मान वर करून पाहायचे आणि संकट टळले की टाळ्या वाजवायच्या. ‘माय हिरो अकॅडेमिया’ या जपानी ॲनिमे मालिकेच्या सहाव्या सीझनने या गर्दीलाच जाब विचारला. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ या काळात दाखवले गेलेले त्याचे २५ भाग मला महत्त्वाचे वाटतात ते यासाठी.

कोहेई होरिकोशी यांची मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा, २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात प्रसिद्ध होत होती, बोन्स या स्टुडिओने २०१६ पासून तिची मालिका केली. या कथेतल्या जगात सुमारे ८० टक्के माणसांना काही ना काही अचाट शक्ती असते, पण परवान्याशिवाय ती चारचौघांत वापरायला बंदी आहे. त्यामुळे लोकांना वाचवणे हा पेशा झाला आहे. त्याला शिक्षण आहे, परीक्षा आहे, पगार आहे, लोकप्रियतेची क्रमवारी आहे. इझुकु मिदोरिया हा शक्तीविना जन्मलेला मुलगा. सर्वश्रेष्ठ नायक ऑल माइट त्याला आपली शक्ती देतो आणि तो यू.ए. या नामांकित विद्यालयात दाखल होतो. आधीच्या सीझनांत क्रीडास्पर्धा आहेत, परवान्याची परीक्षा आहे, वर्गमित्रांची चुरस आहे. सहाव्यात मात्र वर्ग जवळजवळ दिसेनासाच होतो.

नायक एकाच वेळी जाकु शहरातल्या रुग्णालयावर आणि डोंगरातल्या खलनायकांच्या तळावर धाड घालतात. खलनायकांचा म्होरक्या तोमुरा शिगाराकी जागा होतो आणि त्याच्या स्पर्शासरशी शहराची धूळ होते. मुलांची शिक्षिका मिडनाइट मारली जाते, तुरुंग फुटतात. पण खरा घाव घालते ते एक ध्वनिचित्रमुद्रण. दाबी नावाचा खलनायक देशभर जाहीर करतो, की मी पहिल्या क्रमांकाचा नायक एंडेव्हर याचा, मेला असे समजला गेलेला मुलगा तोया. वरचढ शक्तीची संतती हवी म्हणून एंडेव्हरने केलेले लग्न, घरातली मारहाण, हॉक्स या नायकाने पळून जाणाऱ्या शत्रूचा घेतलेला जीव, सारे तो चव्हाट्यावर आणतो. काही ठिकाणी तो सत्याला पीळ देतो, तरी गाभा खरा असतो, म्हणूनच तो वार वर्मी बसतो.

यानंतर लोक नायकांवर उलटतात. त्यांचा संताप रास्त आहे. पण त्याची जात पाहावी. फसवणूक झालेल्या ग्राहकाचा तो राग आहे. आम्ही तुम्हाला डोक्यावर घेतले, त्या बदल्यात तुम्ही आम्हाला निर्धास्त ठेवायचे होते, असा त्याचा सूर. इतकी वर्षे ज्याला आपण श्रद्धा म्हणत होतो तो एक व्यवहार होता, हे या पडझडीत उघडे पडते.

या व्यवहाराची किंमत पाचव्या सीझनमध्येच दिसली होती. शिगाराकी तेव्हा तेन्को नावाचा लहान मुलगा होता. हाताळता न येणाऱ्या शक्तीपायी त्याच्या हातून घरचे सगळे मेले होते आणि तो रस्त्याने भरकटत होता. लोक पाहत होते, पुढे जात होते. एक म्हातारी थांबली, त्याचा अवतार पाहून दचकली आणि कोणीतरी येईलच अशी समजूत घालून निघून गेली. त्या रस्त्यावर दुष्ट असे कोणीच नव्हते. संकटात धावून येणारी यंत्रणा आहे या खात्रीनेच प्रत्येकाला चालते होण्याची मुभा दिली. शेवटी मुलापुढे हात आला तो ऑल फॉर वनचा, त्या जगातल्या सर्वांत क्रूर माणसाचा.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल. कामाची वाटणी करूनच समाज चालतो. आग लागली तर अग्निशामक दलच यावे. शेजाऱ्याने आगीत उडी घेऊ नये. हा आक्षेप खरा आहे आणि मालिकेलाही तो ठाऊक आहे. नायकांवरचा विश्वास उडाल्यावर नागरिक हत्यारे विकत घेऊन स्वतःच लढू पाहतात, तेव्हा नुकसान वाढते आणि माणसे जखमी होतात. म्हणजे प्रत्येकाने नायक व्हावे असे या सीझनचे सांगणे नाही. लढणे, परवाना, प्रशिक्षण ही कामे वाटून देता येतात. शेजारच्याची काळजी मात्र सगळीच्या सगळी दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

मिदोरियाही उलट्या बाजूने हीच चूक करतो. आपल्यामुळे कोणाला धोका नको म्हणून तो मित्रांना पत्रे लिहून विद्यालय सोडतो आणि अन्नझोप विसरून एकटाच लढत फिरतो. सगळा भार एकट्या ऑल माइटने उचलला, त्यातूनच बघ्यांचा समाज घडला होता. शिष्य पुन्हा त्याच वाटेने निघालेला असतो. वर्गमित्र त्याला शोधून अडवतात, इईदा त्याचा हात सोडत नाही, लहानपणापासून त्याला छळणारा बाकुगो त्याची माफी मागतो.

ते त्याला परत आणतात तेव्हा खरी कसोटी यू.ए.च्या दारात लागते. विद्यालयाचे आता आश्रयस्थान झालेले आहे. मार्च २०११च्या भूकंप-त्सुनामीनंतर शाळांची क्रीडागृहे बेघरांनी भरलेली पाहिलेल्या जपानी प्रेक्षकाला हे दृश्य परके नसणार. आतले लोक ओरडतात, खलनायक ज्याच्या मागावर आहेत त्याला आत घेऊ नका. त्यांची भीती खोटी नाही. तेव्हा त्याची वर्गमैत्रीण उराराका छतावर चढून कर्णा हातात घेते आणि या थकलेल्या मुलाला इथे विसावू द्या, एवढेच मागते. आधी पुढे येतात ती दोघे त्यानेच वाचवलेली: लहानगा कोता आणि प्राण्यासारख्या रूपामुळे लोकांनी हाकलून दिलेली एक धिप्पाड बाई. पुढे येण्यासाठी त्यांना कोणतीही शक्ती वापरावी लागत नाही.

एका जागी मात्र मला हा सीझन खटकतो. तोयाबद्दल बोलताना एंडेव्हरची पत्नी रेई अपराधाचा वाटा स्वतःकडेही घेते. जबाबदारी सर्वांची, हे समाजाबद्दल बरोबर आहे. पण ज्या घरात एकाने मारले आणि बाकीच्यांनी सोसले, तिथे असे वाटे पडले की मारणाऱ्याचे ओझे हलके होते. शिवाय एका भाषणाने गर्दी वळते तीही जरा लवकरच. खरी भीती इतक्या सहज विरत नाही.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. पोलीस, रुग्णालय, मदतवाहिनी हे सारे हवे, आणि चांगले हवे. पण यंत्रणा जितकी चोख, तितके आपल्याला पाठ फिरवून चालू लागणे सोपे होते, हा धोका होरिकोशींनी अचूक ओळखला आहे. शाळकरी वयाच्या प्रेक्षकाला शूर व्हायला सांगणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. मदत येईपर्यंत रस्त्यावरच्या त्या भरकटलेल्या मुलाजवळ थांबायला शूरपणा लागत नाही आणि परवानाही लागत नाही, हे या सीझनने सांगितले. म्हणूनच न थांबल्याबद्दल आपल्याकडे सबबही उरत नाही.