परतीची नळी

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराजवळ रॉयल ओक नावाचं उपनगर आहे. तिथे एक तरुण राहत होता. वडील गेले आणि त्यांची आवडती गाडी त्याच्याकडे आली. ती होती १९६७ सालची पॉन्टियाक जीटीओ. मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं इंजिन बसवायचं, हा बेत पॉन्टियाकने १९६४ साली जीटीओच्या रूपाने बाजारात आणला आणि अमेरिकेत 'मसल कार'चं युग सुरू झालं. वडिलांच्या गाडीत ४०० घन इंचांचं, म्हणजे सुमारे साडेसहा लिटरचं, ३३५ अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन होतं. त्यावर चार तोंडांचा रोचेस्टर कार्बुरेटर होता. शिवाय त्यांनी हौसेने एसी बसवलेली गाडी घेतली होती.

गाडी बरीच वर्षं गॅरेजमध्ये झाकून होती. तरुणाने ती नव्यासारखी करायला घेतली. रंग काढला, क्रोम चकचकीत केलं, इंजिन उघडून पुन्हा जोडलं. पेट्रोल पंप बदलताना त्याला एक गोष्ट खटकली. टाकीकडून पंपाकडे येणारी जाड नळी होती, तशीच इंजिनाजवळून निघून टाकीकडे परत जाणारी एक पाव इंची नळीही होती. पंपाने ओढून आणलेल्या पेट्रोलपैकी काही पंपापासूनच मागे फिरत होतं.

त्याच्या शेजारी एक म्हातारा राहत असे. त्याने आपली उमेदीची वर्षं पॉन्टियाकच्या कारखान्यात इंजिनं जोडण्यात घालवली होती. तरुणाने त्याला ती नळी दाखवली आणि म्हणाला, "एवढ्या मेहनतीने आणलेलं पेट्रोल इंजिनाच्या तोंडून परत पाठवायचं? मी ही नळी बंद करणार. एक थेंबही मागे जाता कामा नये."

म्हातारा म्हणाला, "ती नळी उगाच दिलेली नाही. एसीवाल्या गाडीत बॉनेटखाली जास्त उकाडा होतो, म्हणून ती दिली आहे. राहू दे."

तरुणाने ऐकलं नाही. त्याने परतीची वाट नसलेला दोन तोंडांचा पंप बसवला आणि जुन्या नळीची दोन्ही टोकं बुचं लावून बंद केली.

मोकळ्या हायवेवर गाडी सुसाट पळाली. तरुणाला वाटलं, आपलंच बरोबर होतं.

मग ऑगस्ट आला. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइट परिसरातल्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. १९९५ पासून सुरू असलेल्या या 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ'मध्ये फर्नडेलपासून पॉन्टियाक शहरापर्यंत गाड्यांची रांग लागते. ज्या शहरात जीटीओ तयार झाली, त्याच शहराकडे तरुण वडिलांची गाडी घेऊन निघाला. ऊन कडक होतं, गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या आणि एसी सुरू होता. ट्वेल्व्ह माइल रोडच्या चौकाजवळ इंजिन आचके देऊ लागलं आणि बंद पडलं. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन काही पेट घेईना. टाकीत पेट्रोल भरपूर होतं.

गर्दीतल्या कुणीतरी पंपावर ओलं फडकं ठेवायला सांगितलं. दुसऱ्याने नळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचा जुना अमेरिकन तोडगा सुचवला. अर्ध्या तासाने इंजिन गार झालं, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. तरुण मान खाली घालून घरी परतला.

तरीही परतीची नळी जोडायचं त्याच्या मनात आलं नाही. त्याला वाटलं, पंप कमजोर आहे, आपल्याला आणखी जोर हवा. मूळ पंप जेमतेम पाच-सहा पीएसआयचा दाब देत असे. त्याने टाकीजवळ दहा पीएसआयहून जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवला. गाडी गरम होऊन थांबणं बंद झालं, पण दुसरं संकट उभं राहिलं. कार्बुरेटरच्या वाटीत शिरणारं पेट्रोल फ्लोट आणि नीडल अडवतात. घरातल्या पाण्याच्या टाकीत पाणी भरलं की तरंगता गोळा नळ बंद करतो, तसंच हे काम. वाढलेल्या दाबापुढे नीडलचा टिकाव लागेना. एका संध्याकाळी इंजिन सुरू असताना काळा धूर निघू लागला, कार्बुरेटर भरून वाहू लागला आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकू लागलं. म्हाताऱ्याने कुंपणापलीकडूनच ओरडून इंजिन आणि पंप दोन्ही बंद करायला लावले. आणखी थोडा वेळ गेला असता, तर वडिलांच्या आठवणीसकट गाडीची राख झाली असती.

त्या रात्री तरुण स्वतःहून म्हाताऱ्याच्या दारी गेला. म्हणाला, "आता सांगा, मी ऐकतो."

म्हातारा म्हणाला, "गाडी सावकाश चालली की इंजिनाला पेट्रोल फार थोडं लागतं. वाटी भरली की नीडल दार लावून घेते आणि मागचं पेट्रोल नळीत जागच्या जागी थांबतं. पंप इंजिनाच्या अंगाला बसवलेला असतो आणि इंजिन धगधगत असतं. पेट्रोलमधला हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांनाच उडू लागतो. आताच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं, त्याने वाफ होण्याची ओढ आणखी वाढते. थांबलेलं पेट्रोल तापतं, त्याची वाफ होते. पंप पातळ पेट्रोल ढकलू शकतो, पण वाफ नुसती दबते आणि पुन्हा फुगते, पुढे सरकत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. आता परतीची नळी उघडी असती तर काय झालं असतं? इंजिनाने घेतलं नाही ते पेट्रोल टाकीत परत गेलं असतं आणि जाताना उष्णता व वाफ दोन्ही बरोबर घेऊन गेलं असतं. त्याच्या जागी टाकीतलं गार पेट्रोल वर आलं असतं. प्रवाह सुरू राहिला असता."

"पण मग इंजिनाला कमी नसतं का पडलं?"

"नाही. परतीच्या वाटेवर मुद्दाम एक बारीक भोक ठेवतात, जेमतेम दीड मिलिमीटरचं. त्यामुळे कार्बुरेटरला हवा तो दाब टिकतो आणि उरलेलं तेवढंच मागे जातं. ते वायाही जात नाही. टाकी तुझीच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून परतीच्या नळीची बुचं काढली, नळी फुंकून साफ केली, गंजलेला तुकडा बदलला आणि मूळ पद्धतीचा तीन तोंडांचा पंप बसवला. पेट्रोलच्या नळ्या एक्झॉस्टपासून दूर घेतल्या. पुढच्या ऑगस्टमध्ये तेच ऊन होतं, तीच रांग होती, एसीही सुरू होता. जीटीओ पॉन्टियाक शहरापर्यंत एकदाही न अडखळता गेली. वाटेत दोन गाड्या बंद पडून बाजूला उभ्या होत्या. तरुण त्यांच्याजवळ थांबला, बॉनेट उघडायला लावलं आणि म्हाताऱ्याकडून जे कळलं होतं ते त्यांना समजावून सांगितलं. त्याने सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत. मिळालेलं ज्ञान पुढे देणं हीसुद्धा परतफेडच आहे, हे त्याला आता कळलं होतं.

आपल्यापैकी कित्येकजण त्या तरुणासारखेच वागतात. पैसा असो, ज्ञान असो की अधिकार, गरजेपेक्षा जास्त आलेलं सगळं आपल्याच दारात अडवून ठेवायची आपल्याला सवय लागते. परत दिलं की आपलं कमी होईल, अशी भीती वाटते. अडवलेलं तापू लागलं आणि घरात, कामात, नात्यांत कुठेतरी प्रवाह खुंटला, की आपण परतीची वाट शोधत नाही, आणखी जोर लावतो. जोराने काही काळ भागतं, पण दार तुटायची वेळ येते. सगळंच देऊन टाका असं कुणी म्हणत नाही. वाट बारीक असली तरी चालते, पण ती उघडी असावी लागते. जिथून आपल्याला मिळालं, त्या घराला, गावाला, गुरूला, समाजाला थोडं सतत परत जात राहिलं, तर आपल्याकडे येणारंही ताजं राहतं.

तात्पर्य : गरजेपुरतं घ्यावं आणि उरलेलं मुळाकडे परत जाऊ द्यावं. परतीची वाट बुजवणाऱ्याचा पुढचा रस्ताही बंद होतो.