सावली कोण वळवणार?

मूल तालुक्यातल्या एका गावात बुधवारी आठवडी बाजार भरतो. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असणार, हे धरूनच लोक घराबाहेर पडतात. दुपट्टा कानांवर घट्ट गुंडाळायचा, खिशात एक कांदा टाकायचा आणि निघायचं. बाजारात वांगी, सुकट, बियाणं, प्लास्टिकच्या चपला असं सगळं मिळतं. थंड काही प्यायचं झालं की मात्र पावलं एकाच जागी वळतात. बाजाराच्या कडेला मठ्ठेवाली आजी बसते तिथे.

आजीचं दुकान ते केवढं? मठ्ठ्याचा एक माठ, पाण्याचा एक रांजण, पितळी ओगराळं, काचेचे थोडे ग्लास आणि बांबूची एक घडीची सावली. मठ्ठ्याचे पैसे घ्यायचे, साधं पाणी फुकट, हा तिचा जुना नेम. तिच्या धंद्यात गारव्याला फार किंमत आहे, कारण ताक तापलं की आंबत जातं. सकाळी गोडसर असलेलं ताक दुपारी दोनला तोंड वाकडं करायला लावतं, आणि चार गावांची माणसं परतीच्या एसटीची वाट बघत ताटकळतात ती नेमकी दुपारीच. मग जिरं, कोथिंबीर, वाटलेली हिरवी मिरची, काळं मीठ कितीही बेतशीर घाला, आंबट ढाण ताक कोण पिणार? म्हणून आजीचा अर्धा जीव त्या सावलीत असतो.

ती सावली नीट पाहण्यासारखी आहे. गावातल्या बुरडाने हिरवा बांबू चिरून कमच्या काढल्या आणि त्या विणून तीन तट्टे केले. प्रत्येक तट्टा दीड हात रुंद, कमरेएवढा उंच. सुतळीचा फासा एकदा आतून आणि एकदा बाहेरून घेऊन त्याने ते असे सांधले की तट्टे दोन्ही बाजूंना दुमडतात. कडेच्या काठ्या खाली दोन वीत जास्त ठेवल्या. एक वीत मातीत रोवली जाते, एक वीत मोकळी राहते आणि तिथून वारा आत शिरतो. चौथा तट्टा सुटा आहे, वर आडवा टाकायला. बाजार उठला की सगळं एकावर एक मिटतं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलं जातं.

गावातल्या तरुणांच्या मंडळाने एका वर्षी एसटीच्या थांब्याजवळ पाणपोई घालायचं ठरवलं. आदल्या उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून परतणारी एक बाई तिथेच ऊन लागून पडली होती. तो दिवस बाजाराचा नव्हता, आजी नव्हती, आणि त्या बाईला द्यायला आसपास गार पाणीही नव्हतं. ती वाचली, पण तिला उचलणाऱ्या पोरांच्या मनातून ते गेलं नाही. त्यांच्यात एक वेल्डर होता, आयटीआय झालेला, कामात चोख. पाणपोई उभारायचं काम त्यानेच अंगावर घेतलं.

गुढीपाडव्याला उद्घाटन झालं. लोखंडी खांब, वर पत्रा, तीन बाजूंनी देणगीदारांच्या नावांचे फ्लेक्स, आत दोन मोठे रांजण. फोटो छान आले. चैत्र संपेपर्यंत मात्र लोकांनी पाणपोईकडे पाठ फिरवली. एखादा येई, पेला तोंडाला लावी, घोट घेई आणि उरलेलं पाणी पायांवर ओतून निघून जाई. पाणी कोमट होतं. डोक्यावरचा पत्रा तापून खाली धग सोडत होता आणि फ्लेक्सने वारा अडवला होता.

माठातलं पाणी गार कसं होतं, हे शाळेत सगळेच शिकतात आणि पुढे बहुतेक विसरतात. कच्च्या, न चकाकवलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपतं, बाहेरच्या अंगावर येतं आणि उडून जातं. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ती मुख्यतः माठातूनच घेतली जाते. २० लिटरच्या माठातलं वाटीभर, म्हणजे १५० ग्रॅम पाणी उडालं, तर उरलेलं पाणी चारएक अंशांनी उतरतं. अट एवढीच, की बाहेरून नवी उष्णता आत येता कामा नये. भर दुपारचं ऊन माठाच्या एका अंगावर तासभर पडलं तर या कमाईतला मोठा भाग पुसला जातो. म्हणजे माठाला ऊन लागू द्यायचं नाही आणि वारा मात्र लागू द्यायचा. कोंडून ठेवलेल्या माठाच्या भोवतीची हवा दमट होते आणि पाणी उडायचं मंदावतं. विदर्भातली मेची कोरडी हवा माणसाला भाजून काढते, पण माठाच्या गारव्याला तीच हवी.

वेल्डरने हे सगळं मनावर घेतलं. त्याने पत्रा उतरवला, फ्लेक्स काढले. बारीक चौकोनी पाइपची चौकट करून तिला बिजागऱ्या लावल्या आणि त्यावर रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी जाळी ताणून बसवली. घडी घातली की ही सावली मोटारसायकलवर नेता येई. बुधवारी बाजारात, इतर दिवशी थांब्यावर. चौकट देखणी झाली होती, यात शंका नाही. पण ती ७५ टक्के सावलीची जाळी होती, म्हणजे चौथा हिस्सा ऊन आत येतच होतं. पाणी थोडं सुधारलं, पण आजीच्या रांजणाची सर आली नाही.

एका बुधवारी तो आजीसमोर जाऊन उभा राहिला.

"आजी, तुमचा तट्टा कोनी केला?"

"बुरडानं. तुले पायजे का? जा, सांग त्याले, आजीसारखाच कर म्हनून."

बुरडाने तस्साच तट्टा करून दिला. तोच बांबू, तीच वीण, तोच सुतळीचा फासा. वेल्डरने तो पुढच्या बुधवारी सकाळी आठला पाणपोईच्या रांजणाभोवती रोवला, रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि आपल्या दुकानात निघून गेला. बाराच्या सुमारास येऊन पाणी चाखलं. कोमट! गोणपाट एका बाजूने ठणठणीत वाळलं होतं.

आता मात्र त्याला राहवलं नाही. "आजी, बुरूड तोच, तट्टा तोच. मग माझं पानी काहून तापते?"

आजीपुढे गिऱ्हाईक होतं. ओगराळं माठात घालत ती म्हणाली, "बस इथं थोडा."

तो बसला आणि दुपार सरेपर्यंत बसून राहिला. आजी त्याच्याशी फारसं बोलली नाही, तिला सवड नव्हती. पण ती काय करते ते त्याला दिसत होतं. रांजणाच्या बुडाशी, सावलीच्या कडेपासून चार बोटं आत तिने एक खडा ठेवला होता. ऊन सरकत सरकत त्या खड्याला टेकलं की ती गुडघ्यावर हात देऊन उठायची, तट्टा उपटून थोडा फिरवायची, पुन्हा रोवायची, गोणपाटावर ओंजळभर पाणी मारायची, खडा नव्या जागी ठेवायची आणि परत ग्लास विसळायला बसायची. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ऐन दुपारी तिने बाजूचे तट्टे जवळजवळ मिटून टाकले आणि सुटा तट्टा तेवढा वर आडवा ठेवला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात चंद्रपूरच्या दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरते. तेव्हा बाजूच्या तट्ट्यांचा उपयोग नसतो, उलट ते वारा अडवतात. दोन वाजल्यापासून तट्टे पुन्हा उघडले, आता मावळतीकडे.

तट्टा रोवता रोवता आजीने एवढंच विचारलं, "तू तुया तट्टा केव्हा फिरवला?"

"सकाळी लावला ना."

"अन् मंग?"

मग काहीच नव्हतं. वेल्डर गप्प झाला.

त्या दुपारी त्याला सगळा बाजारच वेगळा दिसू लागला. चपला शिवणारे काका दर थोड्या वेळाने आपल्या मोठ्या छत्रीचा दांडा तिरपा करत होते. कांदेवालीने चादरीची दोरी एका खुंटीवरून सोडून दुसरीला बांधली. केळीवाला हातगाडी वीतभर पुढे ओढत कडुनिंबाच्या सावलीमागे चालला होता. घड्याळ कुणीच बघत नव्हतं. मानेवर ऊन आलं की हात आपोआप उठत होता. पाणपोईचा रांजण त्यांच्यापासून दहा पावलांवर होता आणि सकाळपासून त्याच्याकडे कुणाचा हात गेला नव्हता. रांजणाला चटका बसत होता, पण तो कुणाच्याच मानेवर बसत नव्हता.

मला या गोष्टीत आजीच्या हुशारीपेक्षा हा क्षण मोलाचा वाटतो. त्या बाजारात कुणीही वाईट नव्हतं. पाणपोईला सगळ्यांनी वर्गणी दिली होती, चपला शिवणाऱ्या काकांनीसुद्धा. सावली वळवायचं कसबही सगळ्यांच्या हातात होतं. फक्त ती सावली त्यांच्यापैकी कुणाची नव्हती. आपल्याकडे सार्वजनिक वस्तू बिघडतात त्या बहुतेक वेळा अशाच बिघडतात. पैसा मिळतो, वस्तू उभी राहते आणि दुसऱ्या दिवसापासून ती कुणाचीच नसते.

शनिवारी मंडळाची बैठक बसली. कुणी म्हणालं, अजून वर्गणी काढू आणि पाणी गार करायचं यंत्रच बसवू. पण थांब्यावर वीज नव्हती. कुणी म्हणालं, तट्टा आणखी मोठा करू. वेल्डर म्हणाला, "पैसे नकोत. मला दुपारी उठणारी माणसं पाहिजेत. रोज सकाळी नऊपासून पाचपर्यंत, अर्ध्या-पाऊण तासाला एकदा. दोन मिनिटांचं काम आहे."

बैठकीत शांतता पसरली. पैसे मागितले असते तर चार हात लगेच वर झाले असते. दुपारचं ऊन कुणालाच नको होतं, आणि त्यात त्यांची चूक काढावी असंही नाही, ज्याचं त्याचं दुकान, शेत, घर होतं.

चपला शिवणारे काका दाराशी बसले होते. रोज थांब्याजवळच बसायचे म्हणून त्यांनाही बोलावलं होतं. ते म्हणाले, "मी तर उठतोच. माह्या छत्रीसाठी. तेवढ्यात तुमचीबी वळवीन. पन मले कोनी सांगतलंच नाही, बापू."

खरंच, कुणी सांगितलंच नव्हतं. देणगीच्या पावतीवर त्यांचं नाव होतं, पण काम त्यांना विचारलं नव्हतं. मग विचारणं सुरू झालं. सकाळी ऑटोवाले थांब्यावरच असतात, त्यांनी नऊ ते अकरा घेतलं. अकरा ते दोन काका. दुपारी दोननंतर झेरॉक्सच्या दुकानातली मुलगी म्हणाली, माझ्या दारातूनच रांजण दिसतो. संध्याकाळचं वेल्डरने स्वतःकडे ठेवलं. आजीकडून त्याने खड्याची युक्ती घेतली आणि रांजणाच्या बुडाशी एक पांढरा खडा ठेवला. ऊन खड्याला लागलं की उठायचं.

पहिले काही दिवस चुकामूक झाली. एकदा दोघांनीही दुसऱ्यावर सोडलं आणि पाणी तापलं. एकदा वाऱ्याने तट्टा उडाला, काकांनीच सुतळीने सांधा नीट केला. मग सवय लागली. एसटीतून उतरणारे प्रवासी सरळ रांजणाकडे येऊ लागले. तेंदूपत्त्याची गाठोडी डोक्यावर घेतलेल्या बाया तिथे टेकून पाणी पिऊ लागल्या. झेरॉक्सवालीने आपल्या घरच्या पन्ह्याचा छोटा माठ एक दिवस रांजणाशेजारी आणून ठेवला, मग अधूनमधून आणतच राहिली. मठ्ठेवाल्या आजीच्या धंद्याला धक्का बसेल असं काहींना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तहान पाण्याने भागवून लोक मठ्ठा चवीने प्यायला तिच्याकडे जात राहिले.

मृग लागला, पहिल्या सरी आल्या, हवा दमट झाली. अशा हवेत माठ फारसा गार होत नाही. पाणपोई उठली, तट्टे मिटून वेल्डरच्या दुकानात माळ्यावर गेले. फ्लेक्स काढले होते, तरी देणगीदारांच्या नावांचा रंगवलेला फलक तेवढा तिथे राहिला होता. पुढच्या पाडव्याआधी वेल्डरने तो रंगवायला काढला आणि देणगीदारांच्या नावांखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, वेळा आणि नावं लिहिली. नऊ ते अकरा, अकरा ते दोन, दोन ते चार, चार ते पाच.

पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आपल्याकडे गावोगावी पाणपोया उघडतात. पाण्याने भरलेला घट दान देण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे, आणि ती चांगलीच आहे. यंदा तुमच्या मंडळाने रांजण ठेवला, तर त्याच्या फलकावर दुपारी सावली वळवणाऱ्यांची नावं आधी लिहा. देणाऱ्यांची त्यानंतर लिहिलीत तरी चालेल.