बीजासाठी राखलेले फळ

माघ सरून फाल्गुन लागला, हवेतील गारठा ओसरू लागला, म्हणजे घरोघरी परसात, गच्चीवर अथवा खिडकीतील कुंड्यांत माती उकरली जाते. भेंडी, गवार, दोडका, काकडी, दुधी यांच्या उन्हाळी लावणीचा हा काळ; झिनिया, कॉसमॉस, गॅलार्डिया या फुलांचे बी टाकण्याचाही हाच. भेंडीचे टणक बी रात्रभर भिजवावे, बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल टोचावे, माती ओलसर राखावी, म्हणजे साधारण आठवड्याभरात कोंब वर येतो. इतके पुष्कळांस ठाऊक असते. परंतु या साध्या कामात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, तिकडे आमचे सहसा लक्ष जात नाही. आपल्या झाडावरील उत्तम फळ आपण खावे, की पुढील पेरणीसाठी राखावे?

प्रश्न क्षुल्लक भासेल. पण राखण्याची किंमत नीट मोजून पाहावी. भेंडी फूल उमलल्यापासून आठवड्याच्या आत खुडली तर भाजीस येते. बियांसाठी ठेवावयाची तर ती महिनाभर झाडावरच जून होऊन वाळू द्यावी लागते. शिवाय, फळे झाडावर पिकू दिली की नवी फळे धरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे एका फळाबरोबर मागून येऊ पाहणाऱ्या फळांवरही पाणी सोडावे लागते. बरे, किडके वा खुरटे फळ बाजूस टाकून भागत नाही. दुबळ्या झाडाचे बी राखले तर दुबळेपणाच पुढे चालण्याचा संभव. यास्तव निवड उत्तमाचीच करावी लागते. नैवेद्यासाठी फळ निवडताना आपण डागाळलेले फळ दूर सारतो, तशीच ही निवड होय. भेद इतकाच, की नैवेद्य प्रसादरूपाने आपल्याच पानात परत येतो. राखलेल्या बीजाचे फळ मात्र पुष्कळदा दुसऱ्याच्या पानात पडते.

आमच्या जुन्या घरांतून ही निवड न बोलता होत असे. चुलीवरच्या धुरात टांगलेली मक्याची कणसे, राखेत घोळवून मडक्यात ठेवलेले बी, शेणात रोवून भिंतीवर थापलेल्या भोपळ्याच्या बिया यांवर घरातील वृद्ध स्त्रियांची सत्ता चाले, आणि त्यांतील मूठभर शेजारणीच्या पदरात पडे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बी याच रीतीने जमविले, जपले व वाटले. २०२० सालच्या पद्मश्री सन्मानांत त्यांचे नाव आले, तेव्हा ज्या विद्येस फारसे कोणी विद्या म्हणत नव्हते तिचाच तो गौरव झाला.

यावर कोणी म्हणेल, आज बियांची पुडी बाजारात स्वस्त मिळते. मग हा उपद्व्याप कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. संकरित वाणाचे बी राखले तर पुढील पिढीत मूळचे गुण एकसारखे उतरत नाहीत. तेथे नवे बी विकत घेणेच शहाणपणाचे. परंतु सरळ वाणाचे तसे नाही. ते राखता येते, आणि वर्षानुवर्षे राखल्याने आपल्या मातीशी, आपल्या उन्हाशी त्याची ओळख होत जाते. बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा व परस्परांस देण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने मान्य केला आहे. तथापि कायदा हक्क देतो. इच्छा ज्याची त्यालाच धरावी लागते.

आता प्रश्नाचे कठोर रूप पाहू. घरात अन्नच नसेल तर? सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत लेनिनग्राड नगरास वेढा पडला होता व लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्याच नगरात निकोलाय वाविलोव यांनी देशोदेशींहून जमविलेला बियाण्यांचा मोठा संग्रह होता. तो राखणारे अनेक कर्मचारी भुकेने मरण पावले. भाताच्या वाणांची राखण करणारे द्मित्री इवानोव हे तांदळाच्या हजारो पुड्या भोवती असता गेले. खुद्द वाविलोव १९४० पासून अटकेत होते. १९४३ साली सारातोव्हच्या कारागृहात त्यांचा अंत झाला.

हे आचरण धर्म्य होते काय? आम्हांस वाटते, होय. पण एका अटीवर. त्या माणसांनी संयम घातला तो स्वतःच्या भुकेवर. आपल्या इकडे दुष्काळात एखाद्या मातेने बियाणे शिजवून मुलांच्या मुखी घातले, तर तिला बोल लावण्याचा अधिकार कोणासही नाही. उद्याच्या नावाने दुसऱ्यास आज उपाशी ठेवणे ही निष्ठुरता होय. किंबहुना यातून निघणारा निष्कर्ष आम्हांस अधिकच बांधून घेतो: उपाशी मनुष्यास ज्या कर्तव्यातून मोकळीक आहे, ते पोट भरलेल्या मनुष्यावर दुप्पट भाराने येते. ज्यांच्या घरी आज भाजीची ददात नाही, अशा आम्ही चार भेंड्याही राखू नयेत, यास सबब कोणती?

म्हणून या वसंतात प्रत्येक घराने एक तरी झाड नेमावे. आरंभ भेंडी, गवार वा चवळीपासून करावा. काकडी-भोपळ्यांत मधमाश्या परागांची सरमिसळ करतात, ते काम अनुभवानंतरचे. निरोगी झाडावरील चांगल्या शेंगांस दोरा बांधावा, म्हणजे कोणी चुकून खुडणार नाही. झिनियाचे सर्वांत टपोरे फूलही पूजेच्या परडीत न घालता झाडावरच वाळू द्यावे. देवास त्याचा राग येईल असे आम्हांस वाटत नाही. बी सावलीत पूर्ण वाळवून कोरड्या बाटलीत भरावे, तीवर वाणाचे नाव व साल लिहावे. त्यांतील निम्मे पुढील फाल्गुनाआधी कोणास तरी देऊन टाकावे. आपल्या हाती बी आले ते कोणी तरी न खाता राखले म्हणून. त्या अनामिकाचे ऋण त्याला फेडता येत नाही, शेजाऱ्यास मात्र देता येते.