उघड्या फळीवरचा अदब

हातातून पुस्तक पडले तर ते उचलून कपाळाला लावणारी माणसे आपल्याकडे सर्वच समाजांत आहेत. मुस्लिम घरात कुरआन जुजदानात गुंडाळून सर्वांत उंच जागी ठेवतात. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की पुस्तकाचा मान राखणे म्हणजे नेमके काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. पुस्तक उंचावर ठेवणे हा मान, की हाताशी ठेवणे हा मान?

प्रश्न जुना आहे. कैरो आणि दमास्कसला काझी राहिलेल्या इब्न जमाआ (मृत्यू १३३३) यांनी गुरू आणि विद्यार्थी यांच्या शिष्टाचारावर एक ग्रंथ लिहिला. त्यात पुस्तके कशी रचावीत हेही सांगितले आहे. त्या काळी अरबी ग्रंथ आडवे, एकावर एक ठेवीत आणि नाव पानांच्या कडेवर लिहीत. म्हणून कुरआन सर्वांत वर, त्याखाली विषयाच्या श्रेष्ठतेप्रमाणे इतर ग्रंथ, असा त्यांचा क्रम. लहान पुस्तकावर मोठे ठेवू नये, म्हणजे ढीग कोसळणार नाही, हेही ते बजावतात. पण याच ग्रंथात ते आणखी एक गोष्ट सांगतात : जो पुस्तकाची नासाडी करणार नाही, त्याला ते वाचायला द्यावे. रचना आणि देणे ही त्यांच्या दृष्टीने एकाच अदबीची दोन अंगे होती. आपण पहिले अंग सांभाळले. दुसऱ्याचे काय झाले?

आज आपण पुस्तके उभी ठेवतो. उभ्या रांगेत कोणाचा भार कोणावर नसतो. खालचे पुस्तक काढण्यासाठी वरची दहा उचलावी लागत नाहीत. प्रत्येक पुस्तक आपल्या पायावर उभे असते, पण शेजाऱ्याच्या आधाराने. शेजारी नसेल तर ते कलते आणि हळूहळू त्याची शिवण सैल होते. फार दाटीने कोंबले तर बाहेर काढताना वरच्या टोकाला बोट अडकवून ओढावे लागते आणि कणा फाटतो. शेजारची दोन पुस्तके थोडी आत सारून मधले पोटाशी धरून काढावे, ही खरी पद्धत. आधार हवा, पण घुसमट नको. माणसांच्या वस्तीलाही हाच नियम लागू आहे.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरासाठी आहेत, हा पहिला. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा तिसरा. म्हणूनच त्यांनी उघड्या फळ्यांचा आग्रह धरला. तरीही छोट्या वाचनालयांत काचेची कुलूपबंद कपाटे दिसतात. यात केवळ दुष्टावा नसतो. पुस्तक हरवले तर जाब किल्ली सांभाळणाऱ्यालाच द्यावा लागतो. पण त्या किल्लीची किंमत कोण मोजतो? काय वाचायचे हे ज्याला आधीच ठाऊक आहे, तो नाव सांगून पुस्तक मागतो. मोहल्ल्यातल्या ज्या मुलीला कोणत्याच पुस्तकाचे नाव माहीत नाही, तिने काय मागावे? तिला फळीसमोर उभे राहून, कणे वाचत वाचत एखाद्या पुस्तकाशी थांबता आले पाहिजे. चार पुस्तके हरवतील ही भीती खरी आहे. पण एक वाचक हरवला तर त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

कुलूप नसतानाही पुस्तक बंद राहू शकते. हल्ली दिवाणखान्यात मुखपृष्ठांच्या रंगांप्रमाणे पुस्तके लावतात. काही जण तर एकसारखा रंग दिसावा म्हणून कणे भिंतीकडे वळवतात. नीटनेटकेपणा वाईट नाही. विस्कटलेल्या फळीवर पुस्तक सापडत नाही, आणि न सापडणारे पुस्तक नसल्यासारखेच. पण हा नीटनेटकेपणा कोणासाठी, हे पाहिले पाहिजे. अनोळखी माणसाला कोणाला न विचारता पुस्तक सापडावे आणि ते परत कोठे ठेवायचे हे कळावे, यासाठी असेल तर ती नंतर येणाऱ्याची आठवण आहे. नाहीतर ती भिंतीची सजावट.

कुरआन उंच जागी असावा, याला कोणाची हरकत नाही. पण तो खाली काढून उघडायचाही असतो. रेहल त्यासाठीच असते. बाकीच्या फळीबद्दल एवढेच म्हणेन : रांगेत एक जागा रिकामी दिसली, तर रांग बिघडली असे समजू नये. शेजारची पुस्तके सरळ करावीत आणि ती जागा, गेलेले पुस्तक परत येईपर्यंत, तशीच राहू द्यावी.